नव्या संगणकावर जुनी विंडोज : परवान्याची पार्श्वभूमी

यंत्र नवं घ्यायचं, पण विंडोज जुनीच ठेवायची, हा प्रश्न खरा ऐरणीवर आला २००७ मध्ये. ३० जानेवारीला विंडोजची नवी आवृत्ती व्हिस्टा सर्वसामान्य ग्राहकांसाठी बाजारात आली, तेव्हा कार्यालयांतली कितीतरी सॉफ्टवेअरं आणि ड्रायव्हर आधीच्या एक्सपी आवृत्तीवरच नीट चालत होते. एक्सपीची विक्री ३१ जानेवारी २००८ ला थांबणार होती. ती मुदत ३० जूनपर्यंत लांबली. त्यानंतर बहुतेकांसाठी उरली ती डाउनग्रेडची वाट: परवाना नव्या आवृत्तीचा घ्या आणि वापरा जुनी.

ही सवलत वाटते तितकी ऐसपैस नव्हती. व्हिस्टाच्या ओईएम (यंत्रासोबतच येणाऱ्या) परवान्यांपैकी बिझनेस आणि अल्टिमेटवरूनच एक्सपी प्रोफेशनलवर उतरता येई. होमवाल्यांना काही नाही. पुढेही शिरस्ता तोच राहिला: ८ प्रोवरून ७ प्रोफेशनल, १० प्रोवरून ८.१ प्रो किंवा ७ प्रोफेशनल. गंमत म्हणजे खोक्यात मिळणाऱ्या रिटेल परवान्याला हा हक्कच नाही. संस्थांना एकगठ्ठा मिळणाऱ्या व्हॉल्यूम परवान्यात मागच्या आवृत्त्या चालतात, पण डेस्कटॉप विंडोजचा तो परवाना अपग्रेडचा असतो; कोऱ्या यंत्रासाठी आधी पूर्ण परवाना घ्यावाच लागतो. सुटे भाग आणून जोडलेल्या यंत्रांचा हिशेब इथेच चुकतो.

शिवाय हक्क मिळाला म्हणजे डिस्क आणि की (परवान्याचा सांकेतिक क्रमांक) मिळाली असं नाही. जुन्या आवृत्तीची अस्सल डिस्क आणि तिची की आपणच जमवायची. ती की आधी दुसऱ्या यंत्रावर वापरलेली असली, तर ऑनलाइन ॲक्टिव्हेशन, म्हणजे परवान्याची पडताळणी, फेटाळलं जाई. मग फोन लावून स्क्रीनवरचे आकडे सांगायचे, नव्या परवान्याचा तपशील द्यायचा आणि मिळालेला कोड टाइप करायचा. मोठ्या उत्पादकांना ही कटकट नव्हती. एक्सपीच्या काळात बायोसमधली (मदरबोर्डातल्या मूळ सॉफ्टवेअरमधली, म्हणजे फर्मवेअरमधली) ठरावीक खूण पुरे. व्हिस्टा आणि ७ साठी फर्मवेअरमधला परवान्याची खूण असलेला स्लिक तक्ता, उत्पादकाचं प्रमाणपत्र आणि की जुळली, की इंटरनेटविना काम होई. विंडोज ८ पासून दर यंत्राची वेगळी की एमएसडीएम तक्त्यात बसली. विंडोज ७ चा इन्स्टॉलर तो तक्ता वाचतच नाही, त्यामुळे ८ प्रोची की मदरबोर्डात असूनही त्याला स्वतंत्र की लागते.

परवान्याचं जमलं तरी हार्डवेअर आडवं येई. एक्सपीच्या डिस्कवर साटा हार्ड डिस्कच्या एएचसीआय मोडचा ड्रायव्हर नाही. सेटअपच्या सुरुवातीला एफ६ दाबून तो फ्लॉपीवरून द्यावा लागे, नाहीतर ७बी क्रमांकाची निळी स्क्रीन ठरलेली. बायोसमध्ये साटा जुन्या आयडीई मोडवर नेला की सुटका. ७ चं दुखणं वेगळं. इंटेलच्या २०१५ च्या स्कायलेक पिढीतल्या चिपसेटमधून यूएसबी २ चा जुना ईएचसीआय कंट्रोलर गेला, आणि ७ च्या डिस्कवर यूएसबी ३ चा ड्रायव्हर नव्हता. परिणामी भाषा निवडायच्या पहिल्याच पडद्यावर यूएसबी कीबोर्ड आणि माउस मुके. उपाय म्हणजे ड्रायव्हर डिस्कवरच्या बूट आणि इन्स्टॉल या दोन्ही विम फाइलींत घालायचा. फक्त दुसरीत घातला तर सेटअप तिथवर पोचतच नाही.

जानेवारी २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं, की पुढच्या पिढ्यांच्या प्रोसेसरना आधार फक्त विंडोज १० चा. एप्रिल २०१७ च्या अपडेटनंतर केबी लेक आणि रायझन या नव्या प्रोसेसरांवरच्या विंडोज ७ ला विंडोज अपडेट ८०२४००३७ हा एरर देऊ लागलं. परवाना वैध, ॲक्टिव्हेशन पूर्ण, आणि तरी सुरक्षा अपडेट बंद.