हर्निया जांघेतला आणि हर्निया पडद्यातला

जांघेतल्या हर्नियाबद्दल मी तुम्हाला काय सांगणार? घरटी एक काका असतातच. खोकलं की फुगवटा, मग ऑपरेशन, जाळी, आणि थोड्या दिवसांत काका पुन्हा स्कूटरवर. तो हर्निया परत आला तर ऑपरेशन फसलं असं लोक म्हणतात, आणि ते फारसं चूक नाही.

घोळ होतो तो हाच हिशेब हायटस हर्नियाला लावला की. छाती आणि पोट यांमधल्या पडद्यात अन्ननलिका जायला एक भोक असतं. ते सैल पडलं की जठर वर सरकतं. थोडंसंच सरकलं तर जळजळ, आंबट ढेकर, सकाळची गोळी. त्यासाठी बहुतेकांना ऑपरेशन लागत नाही. मी बोलतोय ते मोठ्या हर्नियाबद्दल, जिथे अर्धंअधिक जठर छातीत जाऊन बसलेलं असतं. त्यात जळजळ नसेलही. चार घासांत पोट भरतं, जेवल्यावर धाप लागते. जठर पडद्याच्या कडेला घासून रक्त झिरपत राहतं आणि लोक वर्षानुवर्षं लोहाच्या गोळ्या खात राहतात.

ऑपरेशन आता बहुधा दुर्बिणीतून होतं. (त्याला ‘लेझर’ म्हणू नका हो. लेझरचा इथे काडीचा संबंध नाही.) जठर खाली ओढायचं, भोक टाक्यांनी आवळायचं, जठराचा वरचा भाग अन्ननलिकेभोवती गुंडाळायचा.

माझ्या मावशीचं हे झालं. काही वर्षांनी बेरियमच्या एक्स-रेत (बेरियमचं पांढरं औषध पिऊन काढतात तो) ‘हर्निया परत दिसतो’ असं आलं आणि नातेवाइकांचे फोन सुरू झाले: “तरी म्हणत होतो, पोट उघडूनच करा!” मावशी तेव्हा दोन भाकऱ्या जेवून जिना चढत होती.

जांघेतलं भोक पूर्ण झाकता येतं. हे कसं झाकणार? घास जायला वाट ठेवावीच लागते. शिवाय पडदा प्रत्येक श्वासाला हलतो, दिवसाला वीसेक हजार वेळा, आणि पोटातला दाब छातीतल्यापेक्षा जास्त असल्याने जठर सतत वर ढकललं जातं. टाके थोडे सैल होतात, जठराचा लहानसा भाग वर डोकावतो. अभ्यासांत दोन सेंटिमीटरपेक्षा जास्त वर दिसला की ‘परत आला’ अशी नोंद होते. पण पूर्वी अर्धंअधिक जठर वर होतं, हे त्या एका शब्दात कुठे दिसतं?

अमेरिकेत सर्जन ओल्श्लेगर आणि सहकाऱ्यांनी १०८ रुग्णांत नुसते टाके आणि टाके अधिक जैविक जाळी (प्राण्याच्या ऊतीपासून केलेली) अशी तुलना केली. सहा महिन्यांनी जाळीवाले पुढे होते: ९ टक्क्यांत परत, नुसत्या टाक्यांत २४. मग २०११ साली सुमारे पाच वर्षांनंतरचे आकडे आले: जाळीत ५४ टक्के, नुसत्या टाक्यांत ५९. म्हणजे एक्स-रेवर निम्म्याहून जास्त जणांत परत! त्रास मात्र दोन्ही गटांत ऑपरेशनआधीपेक्षा खूपच कमी राहिला होता, आणि पुन्हा ऑपरेशन लागलं फक्त दोघांना.

म्हणून “जाळी का नाही बसवली?” हा प्रश्नही इथे जांघेसारखा विचारू नये. हलत्या अन्ननलिकेशेजारची जाळी क्वचित तिच्यात रुतते, आणि ती काढणं हे मूळ ऑपरेशनपेक्षा अवघड काम.

रिपोर्टातल्या शब्दाला घाबरून दुसऱ्या ऑपरेशनची तारीख घेणं मला मुळीच पटत नाही. धाप, चार घासांत भरणारं पोट, उतरणारं हिमोग्लोबिन यांतलं काही परत आलं असेल तर सर्जनकडे जा. छातीत जोराची कळ, उमाळे येऊनही उलटी न पडणं किंवा काळी शी, यांतलं काही झालं तर रात्र असली तरी थांबू नका. जठराला पीळ पडला असू शकतो किंवा आत रक्त वाहत असू शकतं.