गंधकाच्या रेघेने साप अडत नाही

पावसाळा लागला की विदर्भातील अनेक खेड्यांत घराच्या पायाभोवती पिवळ्या गंधकाची रेघ ओढली जाते, कारण त्याच्या उग्र वासाने साप फिरकत नाही, असे पिढ्यानपिढ्या सांगितले जाते. हा समज चुकीचा आहे. मुळात शुद्ध गंधकाला वास जवळपास नसतोच. नाकाला झोंबतो तो गंधक जळताना निघणारा सल्फर डायऑक्साइड वायू. साप जिभेने गंधकण टिपून टाळूतील वास ओळखणाऱ्या जेकबसन इंद्रियापर्यंत नेतो खरा, पण गंधकाची भुकटी पाहून तो मागे फिरतो, असे प्रयोगांत आढळलेले नाही. शिवाय पहिल्याच सरीत रेघ वाहून जाते, ते वेगळेच. साप उंदीर-बेडकांच्या मागावर येतो. त्यामुळे भिंतीला टेकवलेली पऱ्हाटी (कपाशीची वाळलेली झाडे) आणि कुटाराचा (भुसकटाचा) ढीग दूर हलवणे अधिक उपयोगाचे.

गंधकाचे खरे काम शेतात आहे. मिरचीवरील भुरी या बुरशीजन्य रोगासाठी पाण्यात मिसळणारे 80 टक्के गंधक फवारतात, मात्र कडक उन्हात फवारल्यास पाने करपतात. सोयाबीनला प्रथिने तयार करण्यासाठी गंधक लागते; परंतु जमिनीतील जिवाणू त्याचे सल्फेटमध्ये रूपांतर करीपर्यंत मुळांना ते घेता येत नाही, म्हणून शुद्ध गंधक पेरणीपूर्वीच मातीत मिसळणे योग्य ठरते.