डायटलोव्ह पासचं 'खरं फुटेज': खुलासा

व्हॉट्सअ‍ॅपवर ती क्लिप परत फिरतेय, बर्फातला तंबू, किंचाळणारी पोरं, हलता कॅमेरा, आणि खाली लिहिलेलं की १९५९ साली रशियातल्या डायटलोव्ह पास या डोंगरखिंडीजवळ मेलेल्या नऊ ट्रेकर्सच्या कॅमेऱ्यात सापडलेलं हे खरं फुटेज आहे. नाहीये! तो २०१३ चा 'डेव्हिल्स पास' नावाचा सिनेमा आहे, रेनी हार्लिनने काढलेला, आणि त्यातली पोरं त्या नऊ जणांपैकी नाहीतच, ती त्या घटनेचा शोध घ्यायला गेलेली अमेरिकन कॉलेजची पोरं दाखवलीयत, म्हणजे सगळे नट.

खऱ्या ग्रुपकडे होते साधे फोटो काढायचे कॅमेरे. त्यातले फोटो आहेत, शेवटच्या काहींमध्ये वाऱ्यात उतारावर बर्फ खणताना दिसतात, बघून पोटात कालवतं कारण बहुतेक जण विशीतले होते. तंबू आतून फाडलेला, हे खरंय.

'ग्रुपमधल्या एका मुलीची जीभ कापली होती' हे पण सगळे सांगतात. ज्या मुलीबद्दल बोलतात तिचा मृतदेह मे महिन्यात, म्हणजे तीन महिन्यांनी, ओढ्याच्या वाहत्या पाण्यात सापडला, आणि इतक्या दिवसांनी पाण्यात मऊ भाग आधी जातात, त्याला कोणी राक्षस लागत नाही.

२०२० मध्ये रशियन सरकारी वकिलांनी हिमस्खलन हे कारण दिलं. पुढच्या वर्षी स्वित्झर्लंडच्या दोन संशोधकांनी गणित मांडून दाखवलं की तंबूसाठी उतार कापला, वाऱ्याने वर बर्फ साचत गेला, आणि काही तासांनी बर्फाची छोटीशी लादी सुटून तंबूतल्यांच्या बरगड्या मोडू शकते.