हायडन, एरिक

हायडन, एरिक : (१४ जून १९५८ – ). अमेरिकन स्पीड स्केटिंगपटू, सायकलपटू आणि अस्थिशल्यचिकित्सक. १९८० च्या लेक प्लॅसिड हिवाळी ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या ५०० मीटरपासून १०,००० मीटरपर्यंतच्या पाचही शर्यती त्यांनी जिंकल्या. एकाच हिवाळी ऑलिंपिकमध्ये पाच वैयक्तिक सुवर्णपदके त्यापूर्वी कोणालाही मिळाली नव्हती. कोकणात बर्फ म्हणजे मिरकरवाड्याच्या किंवा हर्णैच्या बंदरात मासळीवर फोडून घातली जाणारी कारखान्यातली लादी. अशा किनाऱ्यावरच्या वाचकाने या खेळाडूची दखल घ्यावी ती पदकांच्या संख्येपेक्षा त्यांच्या तयारीच्या पद्धतीसाठी, कारण ही तयारी वर्षातले कित्येक महिने बर्फाविनाच चालत असे.

हायडन यांचा जन्म विस्कॉन्सिन राज्यातील मॅडिसन या तळ्यांच्या शहरी झाला. हिवाळ्यात ही तळी गोठतात आणि तेथील मुले चालण्याच्या वयातच स्केट्स बांधतात. वडील अस्थिशल्यचिकित्सक होते. धाकटी बहीण बेथ हीदेखील अव्वल खेळाडू निघाली. १९७९ मध्ये ती स्केटिंगमध्ये सर्वांगीण (छोट्या-लांब अंतरांच्या एकत्रित) विश्वविजेती ठरली, १९८० च्या ऑलिंपिकमध्ये तिने ३,००० मीटरचे कांस्यपदक मिळवले आणि त्याच वर्षी रस्त्यावरील सायकल शर्यतीचे विश्वविजेतेपदही जिंकले. या भावंडांना घडवणाऱ्या प्रशिक्षक डायान होलम यांनी स्वतः १९७२ च्या साप्पोरो ऑलिंपिकमध्ये १,५०० मीटरचे सुवर्णपदक जिंकले होते.

कृत्रिम बर्फाची ४०० मीटरची धावपट्टी त्या काळी हायडन यांच्या राज्यात मिलवॉकीजवळच्या वेस्ट ॲलिस येथे होती आणि तीही उघड्यावरची, म्हणजे हिवाळ्यापुरतीच. उरलेले महिने सायकल, वजने, धावणे आणि बर्फाविना केलेल्या स्केटिंगच्या हालचाली यांत जात. या हालचालींना अर्थ आहे तो स्केटिंगच्या विशिष्ट रेट्यामुळे. धावणारा माणूस पाय मागे रेटतो, तर स्केटर तो बाजूला रेटतो. गुडघा जवळजवळ काटकोनात वाकलेला, पाठ जमिनीला समांतर, सरळ पट्ट्यात एक किंवा दोन्ही हात कमरेवर, आणि शरीराचा सारा भार एका पायावरून दुसऱ्या पायावर तोलत नेलेला, अशी ही ठेवण असते. ती दहा-पंधरा मिनिटे टिकवणे मांड्यांना आणि कंबरेला असह्य होते, आणि म्हणून ती बर्फावर उतरण्याआधीच अंगवळणी पाडावी लागते. त्यासाठी खाली बसल्यासारखे राहून पावले टाकणे, त्याच ठेवणीत डावी-उजवीकडे उड्या मारणे आणि गुळगुळीत फळीवर मोजे घालून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे घसरणे असे व्यायाम करतात.

वयाच्या १७ व्या वर्षी, १९७६ च्या इन्सब्रुक ऑलिंपिकमध्ये हायडन १,५०० मीटरमध्ये सातवे आणि ५,००० मीटरमध्ये एकोणिसावे आले. पुढच्याच हंगामात ते कुमार, स्प्रिंट (छोट्या अंतरांच्या शर्यती) आणि सर्वांगीण अशा तिन्ही गटांत विश्वविजेते झाले. सर्वांगीण स्पर्धेत ५००, १,५००, ५,००० आणि १०,००० मीटर या चारही शर्यतींच्या वेळा ५०० मीटरच्या हिशेबात आणून त्यांची बेरीज करतात. दहा हजारांची वेळ २० ने भागली जाते, त्यामुळे केवळ चपळ किंवा केवळ चिवट खेळाडूचे तेथे निभत नाही. हे विजेतेपद मिळवणारे हायडन हे पहिले अमेरिकन पुरुष. १९७८ आणि १९७९ मध्येही त्यांनी ते राखले, तर स्प्रिंटचे विजेतेपद १९७७ पासून १९८० पर्यंत सलग चार वर्षे त्यांच्याकडेच होते. मायदेशी त्यांना फारसे कोणी ओळखत नव्हते, तेव्हा नॉर्वे आणि नेदरलँड्समध्ये त्यांच्या नावाचा बोलबाला होता.

लेक प्लॅसिड येथील स्पर्धेच्या उद्घाटनात खेळाडूंच्या वतीने शपथ घेण्याचा मान हायडन यांना मिळाला. स्पीड स्केटिंगमध्ये दोन-दोन खेळाडू घड्याळाविरुद्ध धावतात आणि प्रत्येक फेरीत आतली व बाहेरची पट्टी बदलतात. १५ फेब्रुवारी रोजी ५०० मीटरमध्ये हायडन यांची जोडी लागली ती विश्वविक्रमधारक येवगेनी कुलिकोव यांच्याशीच, ३८.०३ सेकंदांत त्यांनी कुलिकोव यांना मागे टाकले. दुसऱ्या दिवशी ५,००० मीटर (७ मिनिटे २.२९ सेकंद), १९ तारखेला १,००० मीटर (१ मिनिट १५.१८ सेकंद) आणि २१ तारखेला १,५०० मीटर (१ मिनिट ५५.४४ सेकंद) या शर्यती त्यांनी जिंकल्या. १,५०० मीटरमध्ये एका वळणाशी त्यांचा पाय घसरला, पण तोल लगेच सावरला आणि पदक हुकले नाही. २२ तारखेच्या संध्याकाळी अमेरिकेच्या हॉकी संघाने सोव्हिएत संघाला हरवले. तो सामना प्रत्यक्ष पाहून आलेले हायडन सकाळी उशिरा उठले, घाईघाईने न्याहारी उरकून धावपट्टीवर पोहोचले आणि १०,००० मीटरचे अंतर १४ मिनिटे २८.१३ सेकंदांत कापून विश्वविक्रम केला. आधीच्या विक्रमापेक्षा हा वेळ सहा सेकंदांहून अधिक कमी होता. पाचही वेळा ऑलिंपिक विक्रम ठरल्या. अमेरिकेने त्या स्पर्धेत एकूण सहा सुवर्णपदके मिळवली. हायडन यांची पाच वगळता उरलेले एक हॉकी संघाचे.

या आकड्यांचा वेग काढून पाहिला की हायडन यांचे वेगळेपण दिसते. ५०० मीटरमध्ये त्यांचा सरासरी वेग ताशी सुमारे ४७ किलोमीटर होता. वीसपट अंतराच्या शर्यतीत तो ताशी सुमारे ४१.५ किलोमीटरवर आला, इतकेच. २५ फेऱ्या, प्रत्येक सरासरी ३५ सेकंदांच्या आत, म्हणजे परशुराम घाट चढणाऱ्या भरलेल्या एसटीला मागे टाकील असा वेग सलग साडेचौदा मिनिटे. छोट्या शर्यतीसाठी झटक्यात ताकद लावणारे स्नायू लागतात आणि लांब शर्यतीसाठी प्राणवायू सतत पुरवणारे हृदय. एक गुण वाढवताना दुसरा सहसा घटतो, म्हणून खेळाडू अंतर निवडून घेतात. बंदिस्त धावपट्ट्या आणि ज्यांचे पाते टाचेकडून सुटते ते, १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात रूढ झालेले क्लॅप स्केट यांच्या बळावर आजचे विजेते १०,००० मीटर १३ मिनिटांच्या आत पूर्ण करतात, परंतु तेच खेळाडू ५०० मीटरच्या सुवर्णपदकासाठी उतरत नाहीत. हायडन उघड्यावरच्या बर्फावर, बुटाला पक्के जोडलेले पाते वापरून धावत होते, हेही तुलना करताना ध्यानात घ्यावे लागते.

कोकणात वेगाचे स्केटिंग चाकांवर आहे. मूल बहुधा चार चाकांच्या क्वाडवर उभे राहायला शिकते, मग एका रेषेतल्या चाकांच्या इनलाइनवर जाते आणि शालेय स्पर्धांत उतरते. येथील अडचणी वेगळ्या आहेत. जांभ्या दगडाची पाखाडी किंवा शेणाने सारवलेले खळे चाकांच्या कामाचे नाही, गुळगुळीत सिमेंटच लागते. आणि उघड्यावरचे सिमेंट जून ते सप्टेंबर ओले राहते, पहिल्या पंधरवड्यातच शेवाळ धरते. ओल्या जमिनीवर चाकाची पकड सुटते, तर खाऱ्या हवेत पुसून न ठेवलेली बेअरिंग गंजून करकरू लागतात. या चार महिन्यांत स्केट्स माळ्यावर टाकण्याची रीत आहे ती मात्र टाळता येण्याजोगी आहे. प्लायवूडवर सनमायका बसवून दोन्ही टोकांना लाकडी पट्ट्या ठोकलेली, साधारण आठ फुटांची फळी कोणताही सुतार करून देतो आणि ती पडवीत मावते. लोकरी मोजे तेवढे कोकणात शोधावे लागतात. बाजूचा रेटा, खालची ठेवण आणि भाराची अदलाबदल या तिन्ही गोष्टी त्या फळीवर होतात. मिळत नाही तो वळणाचा सराव, कारण वळणावर उजवा पाय डाव्यावरून पुढे टाकत जाणे फळीवर जमत नाही.

ऑलिंपिकनंतर लगेच झालेल्या सर्वांगीण विश्वस्पर्धेत नेदरलँड्सच्या हिल्बर्ट व्हान डर डाइम यांच्यामागे हायडन दुसरे आले आणि वयाच्या २१ व्या वर्षी निवृत्त झाले. जाहिरातींच्या बहुतेक प्रस्तावांकडे त्यांनी पाठ फिरवली. सेव्हन-इलेव्हन संघातून ते व्यावसायिक सायकलपटू झाले आणि १९८५ मध्ये अमेरिकेचे राष्ट्रीय व्यावसायिक विजेतेपद त्यांनी मिळवले. १९८६ च्या तूर द फ्रान्समध्ये अखेरच्या आठवड्यात घाटाच्या उतरणीवर पडून डोक्याला मार बसल्याने त्यांना शर्यत सोडावी लागली. स्टॅनफर्ड विद्यापीठातून १९९१ मध्ये वैद्यकीय पदवी घेऊन ते वडिलांच्याच शाखेकडे वळले.

२००२ च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिंपिकमध्ये ते अमेरिकन स्केटिंग संघाचे डॉक्टर होते. तेथे १,५०० मीटरचे सुवर्णपदक जिंकणारे डेरेक पारा हे मूळचे इनलाइन स्केटिंगपटू. चाकांवरून बर्फाकडे जाण्याची ही वाट तोवर रुळू लागली होती. २००६ मध्ये ५,००० मीटरचे सुवर्णपदक मिळवणारे चॅड हेड्रिक तिच्यावरूनच आले. भारतात ४०० मीटरची कृत्रिम बर्फाची धावपट्टी नाही. चाकांवर मात्र हांगझोऊ आशियाई स्पर्धेत (२०२३) भारताच्या पुरुष आणि महिला संघांनी ३,००० मीटर रिलेची कांस्यपदके मिळवली आणि पुरुषांच्या संघात सिद्धांत कांबळे व विक्रम इंगळे हे होते. २००९ मध्ये निवड चाचणीत स्वतःच्याच पात्याने मांडी खोलवर चिरली गेलेल्या जे. आर. सेल्स्की या तरुण खेळाडूवर हायडन यांनी उपचार केले. इनलाइनवरच सुरुवात केलेल्या सेल्स्की यांनी पाच महिन्यांनी व्हँकूव्हर येथे दोन कांस्यपदके मिळवली.