ओटीपोटावरील किरणोपचार : दुष्परिणाम कमी करण्याचे उपाय

गर्भाशय, गर्भाशयमुख व योनिमार्गाच्या कर्करोगांत ओटीपोटावर किरणोपचार देतात. रुग्ण त्याला ‘लाइट’ किंवा ‘शेक’ म्हणतात. बाहेरून द्यायचा उपचार आठवड्यातून पाच दिवस, साधारण पाच आठवडे चालतो. एकूण मात्रा बहुधा ४५ ते ५० ग्रे (ग्रे हे किरणांची मात्रा मोजण्याचे एकक). जुलाब, पोटात कळा, लघवीची जळजळ हे त्रास उपचारादरम्यान होतात आणि बहुतेकींत काही आठवड्यांत ओसरतात. महिन्यांनी, कधी वर्षांनी डोके वर काढणारे त्रास जास्त चिवट असतात: आतडे अरुंद होणे, शौचावाटे रक्त जाणे, योनिमार्ग आकसणे.

गर्भाशय काढल्यावर रिकाम्या जागेत लहान आतडे खाली उतरते आणि किरणांच्या वाटेत येते. नेमक्या अशाच रुग्णांवर मुंबईच्या टाटा मेमोरियल सेंटरने ‘पार्सर’ ही चाचणी केली. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या ३०० रुग्णांपैकी निम्म्यांना जुन्या त्रिमितीय पद्धतीने, तर निम्म्यांना रोज प्रतिमा पाहून आयएमआरटी पद्धतीने उपचार दिले. आयएमआरटीत किरणांची तीव्रता जागोजागी बदलून आतड्याला शक्य तितके वाचवता येते. तीन वर्षांनंतर आतड्याचे मध्यम वा तीव्र उशिराचे त्रास जुन्या पद्धतीत ४२.४ टक्के, नव्या पद्धतीत २१.१ टक्के आढळले. रोग आटोक्यात राहण्यात फरक पडला नाही. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेला हा निष्कर्ष आपल्याकडच्या बायकांवरच सिद्ध झालेला आहे, म्हणून तो विशेष मोलाचा.

यंत्राइतकेच मूत्राशयही महत्त्वाचे. भरलेले मूत्राशय आतड्याला वर ढकलते. म्हणून रुग्णाला आधी लघवी करून, ठरलेले पाणी पिऊन, ठरावीक वेळ थांबायला सांगतात. नियोजनाच्या सीटी स्कॅनला मूत्राशय जेवढे भरलेले होते, तेवढेच रोज हवे. नंबर लांबला आणि लघवी आवरत नसेल, तर संकोच न करता तंत्रज्ञाला सांगावे. गुदाशय मात्र रिकामे हवे. बद्धकोष्ठ असल्यास औषध घ्यावे.

ब्रॅकीथेरपीत, म्हणजे आतून द्यायच्या किरणोपचारात, योनिमार्गात गॉज (जाळीदार कापड) भरून मूत्राशय व गुदाशय किरणांच्या स्रोतापासून दूर सारतात.

योनिमार्ग आकसण्याबद्दल दवाखान्यात फार कमी बोलले जाते, आणि ते चुकीचे आहे. उपचार संपल्यावर काही आठवड्यांनी डायलेटर (योनिमार्गात घालायची गुळगुळीत नळी) नियमित वापरल्यास मार्ग खुला राहायला मदत होते. पुढील तपासण्याही सुकर होतात. हा विषय डॉक्टरांनीच काढायला हवा. तरुण रुग्णांत पाळी अकाली थांबते. ते टाळण्यासाठी निवडक रुग्णांत उपचारापूर्वी शस्त्रक्रियेने अंडाशय किरणक्षेत्राबाहेर हलवतात.

पुढे कधीही शौचावाटे रक्त गेल्यास पूर्वी किरणोपचार झाल्याचे तपासणाऱ्या डॉक्टरांना आधी सांगावे. गुदाशयाच्या पुढच्या भिंतीचा तुकडा अशा वेळी शक्यतो काढत नाहीत. ती जखम नीट भरत नाही आणि तिथे फिस्टुला, म्हणजे शेजारच्या अवयवात उघडणारी अनैसर्गिक वाट, होऊ शकतो.