विरहकथा

विरहकथा : एकमेकांवर जीव असूनही ज्यांना परिस्थितीने दूर ठेवले, अशा प्रेमिकांच्या कथा. यात कुणाचे मन फिरलेले नसते. आड येतात ते घराण्यांचे वैर, शाप, परदेश, मधले पाणी किंवा वेळेवर न पोहोचलेला निरोप.

भारतीय साहित्यशास्त्रात हा विषय विप्रलंभ शृंगारात, म्हणजे ताटातुटीतल्या प्रेमाच्या रसात, मोडतो. मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त त्याची अभिलाष, विरह, ईर्ष्या, प्रवास व शाप अशी पाच कारणे मानली आहेत. कथानकाच्या दृष्टीने शापाचे मोल सर्वांत मोठे. महाभारताच्या आदिपर्वातील दुष्यंताला शकुंतला चांगली आठवत असते, तरी लोकापवादाच्या भयाने तो भर सभेत तिला नाकारतो. कालिदासाने या कथेत दुर्वासांचा शाप आणि अंगठी आणली. आता राजा विसरतो तो शापामुळे. शचीतीर्थात पडलेली अंगठी कोळ्याला माशाच्या पोटात सापडते, तेव्हा त्याला सारे आठवते आणि तो पश्चात्तापाने पोळून निघतो. मूळ कथेतल्या दुष्यंताविषयी असा कळवळा वाटत नाही.

अडथळा जितका क्षुल्लक, तितकी कथा जिव्हारी लागते. शेक्सपिअरच्या ‘रोमिओ अँड ज्युलिएट’मध्ये (पहिली छापील आवृत्ती १५९७) हाडवैर सुरुवातीपासूनच आहे, पण अखेरचा घात होतो तो एका पत्रापायी. ज्युलिएट मेलेली नाही, औषधाने निपचित पडणार आहे, हे हद्दपार रोमिओला कळवणारे पत्र नेणाऱ्या धर्मगुरूला साथीच्या संशयावरून घरात कोंडले जाते आणि पत्र व्हेरोनाबाहेर पडतच नाही. पंजाबी लोककथेतली सोहनी प्रियकराला भेटायला घड्याच्या आधाराने रात्री चिनाब नदी ओलांडते. नणंद पक्क्या घड्याच्या जागी कच्चा ठेवते आणि तो भर पात्रात विरघळतो. ग्रीक कथेत रात्री समुद्र पोहून येणाऱ्या लिअँडरला वाट दाखवणारा, त्याची प्रेयसी हीरो हिचा दिवा वादळात विझतो.

फारसी कवी निजामी गंजवीच्या ‘लैला-मजनू’त (११८८) मात्र प्रेमाचा उद्रेकच आड येतो. कैस (म्हणजेच मजनू) लैलाचे नाव उघडपणे गात फिरतो, त्याचा बोभाटा होतो आणि तिचे वडील ‘वेड्याला मुलगी देणार नाही’ म्हणून मागणी नाकारतात.

अशा सगळ्याच कथा मरणाशी संपत नाहीत. ‘मेघदूता’तील यक्षाची शिक्षा वर्षभराची आहे. रामगिरीवर आषाढात ढग दिसतो, तेव्हा तो त्याच्याहाती पत्नीला कळवतो, की विष्णू शेषशय्येवरून उठला की शाप सरेल. उरलेले चार महिने डोळे मिटून काढ.