निओक्लासिकल आणि रोकोको: घोळ नेमका कुठे होतो

जळगाव, धुळे, भुसावळकडे नवा बंगला बांधणारे हल्ली सुताराला मोबाइलवर फोटो दाखवतात आणि सांगतात, "आम्हाला निओक्लासिकल करायचंय." हॉल तयार होतो तेव्हा भिंतीवर वेलबुट्टीच्या सोनेरी चौकटी असतात, वाकड्या पायांचा सोफा असतो आणि छताला पीओपीच्या तीन थरांच्या लाटा. हे रोकोको झालं. खर्च भरपूर झाला आणि हवं होतं ते मिळालंच नाही.

रोकोकोबद्दल फार सांगायला नको. मंगल कार्यालयातला नवरा-नवरीचा सोफा सगळ्यांनी पाहिलाय. शिंपले, वळणदार पानं, डावी-उजवी बाजू मुद्दाम वेगळी ठेवलेली नक्षी. फ्रान्समध्ये पंधराव्या लुईच्या काळात ही शैली बहरली आणि तिची मजा तिच्या चंचलपणात आहे.

निओक्लासिकल आली ती याच चंचलपणाला कंटाळून. ज्वालामुखीखाली गाडल्या गेलेल्या हर्क्युलेनियम या रोमन शहराचं उत्खनन १७३८ मध्ये आणि तशाच पॉम्पेईचं १७४८ मध्ये सुरू झालं, तशी रोमन घरं आतून कशी सजवलेली होती हे लोकांना प्रत्यक्ष दिसू लागलं. मग इंग्लंडमध्ये रॉबर्ट ॲडम या वास्तुरचनाकाराने आणि फ्रान्समध्ये व्हर्सायच्या पेती त्रियानाँ या छोट्या महालासारख्या वास्तूंनी (१७६२–६८) सरळ रेषा, स्तंभ आणि प्रमाण यांना पुन्हा मान दिला. आपल्याकडचं जवळचं उदाहरण हवं तर मुंबईचा टाऊन हॉल बघा, एशियाटिक सोसायटीचा, १८३३ साली पूर्ण झालेला. त्याच्या पायऱ्यांसमोर उभं राहिलं की डावी बाजू उजवीला तोलून धरते, हे लगेच कळतं.

किरकोळ फरक आधी उरकून घेऊ. खुर्चीचा पाय रोकोकोत वाकडा, निओक्लासिकलमध्ये सरळ, खाली निमुळता आणि उभ्या खाचांचा. नक्षी केलीच तर काटकोनात वळत जाणारी ग्रीक पट्टी, दातेरी पट्टी, कलश, पानांच्या माळा. रंगावरून मात्र काही ठरत नाही. पांढरं म्हणजे निओक्लासिकल आणि सोनेरी म्हणजे दुसरं काहीतरी, ही समजूत साफ चुकीची आहे. ॲडमने लंडनच्या सायन हाउस या वाड्याच्या एका दालनात भरपूर सोनेरी काम केलं, तरी ते दालन पक्कं निओक्लासिकल आहे.

कारण खरा फरक भिंतीच्या वाटणीत आहे. मनातल्या मनात सगळी नक्षी, सोनेरी रंग, झुंबर काढून टाका. उरलेल्या कोऱ्या भिंतीवर नुसत्या रेषांनी मध्य दिसतोय का? दोन्ही बाजू जुळतायत का? दिसत असेल तर निओक्लासिकल. दागिने काढल्यावर काहीच उरत नसेल तर नाही. जुन्या धाब्याच्या घरात खांब-तुळयांनी खण पडायचे आणि घर खणांत मोजलं जायचं, तशीच ही भिंत आधी खणांत वाटायची असते. सुतार मात्र एका टोकापासून दोन-दोन फुटांच्या चौकटी मारत सुटतो आणि शेवटची चौकट कापून कशीतरी बसवतो. सगळा बिघाड इथेच होतो.

बारा फूट रुंद, दहा फूट उंच भिंत घ्या, म्हणजे १४४ बाय १२० इंच. खण तीन, मधला मोठा. चौकटींभोवती सगळीकडे एकच अंतर, ४ इंच. रुंदीत अशी चार अंतरं म्हणजे १६ इंच गेले, १२८ उरले: मधली चौकट ६० इंच, बाजूच्या ३४-३४. उंचीत खाली ५ इंच स्कर्टिंग, वर छतालगत ५ इंच कॉर्निसची पट्टी आणि जमिनीपासून ३२ ते ३४ इंचांच्या मध्ये कमरेची दोन इंची आडवी पट्टी. तेवढ्यात खालच्या चौकटी १९ इंच उंच बसतात, वरच्या ७३ इंच. ही आडवी पट्टी बरोबर भिंतीच्या मध्यावर मारू नका. भिंतीचे दोन सारखे तुकडे पडतात आणि खोली बुटकी दिसते.

माल आणतानाही गणित चुकतं. या सहा चौकटींना एकूण सुमारे ८९ फूट पट्टी लागते. पीयू (पॉलियुरेथेन) मोल्डिंगची पट्टी साधारण २.४ मीटरची, म्हणजे ९४ इंचांच्या थोडी वर. नुसता भागाकार केला तर १२ पट्ट्या येतात आणि त्या कमी पडू शकतात. तुकडे मांडून बघा: ७३ आणि १९ एका पट्टीत निघतात, अशा ६ पट्ट्या, ६० चे चार तुकडे म्हणजे ४ पट्ट्या (६० आणि ३४ मिळून ९४ होतात, पण कापायला जेमतेम अर्धा इंच उरतो, त्यावर विसंबू नका), ३४ चे आठ, एका पट्टीत दोनच, म्हणून आणखी ४. एकूण १४. वर एक जादा घ्या, कारण ४५ अंशांचा काप एकदा तरी उलटा पडतोच. चौकटीच्या बाजूला मधोमध सांधा देऊन तुकडे जोडू देऊ नका. रंगानंतर पहिल्याच उन्हाळ्यात तो उघडा पडतो.

चौकटींचं हे रेखाटन वायरिंगच्या खाचा मारण्याआधी भिंतीवर खडूने व्हायला हवं. नाहीतर स्विचबोर्ड नेमका पट्टीवर येतो आणि पट्टी तोडावी लागते. बोर्ड पूर्णपणे चौकटीच्या आत असावा. स्प्लिट एसी ३४ इंचांच्या खणात मावेलच असं नाही, तो मधल्या ६० इंचांच्या खणात मध्यावर घ्या. दार कोपऱ्यात असेल तर दुसऱ्या कोपऱ्यात तेवढ्याच रुंदीची आणि उंचीची चौकट किंवा आरसा द्या. त्या काळी यासाठी खोटी दारंसुद्धा बसवत.

हॉलच्या मधोमध फायबरचे गोल खांब उभे करण्याचा हट्ट सोडलेलाच बरा. वर तुळई नाही आणि खांब छताला नुसता टेकलाय, हे या शैलीत चालतच नाही. खांब हवाच असेल तर आयोनिक, म्हणजे माथ्याला दोन गुंडाळ्या असलेल्या, खांबाची उंची जाडीच्या नऊपट धरा: नऊ फुटी खांब एक फूट जाड. सहा इंची काठी उभी केली तर ती मंडपाचा खांब वाटते. छोट्या घरात भिंतीला चिकटलेला, इंच-दीड इंच पुढे आलेला चपटा खांबच शोभतो.

खानदेशात मालाची निवडही नीट करावी लागते. मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो, मग डेझर्ट कूलर महिनोन्‌महिने चालतो आणि त्याच्या ओलाव्याने जवळची एमडीएफची (लाकडाच्या दाबलेल्या भुशाची) पट्टी फुगते. तिथे पीयूच लावा. लाकडी पट्टी भर पावसाळ्यात बसवली तर उन्हाळ्यात आकसून कोपऱ्यांना फट पडते. माल आणून दोन-तीन दिवस त्याच खोलीत पडू द्या, मग कापा. काळ्या मातीवरचा पाया दरवर्षी थोडा हलतो आणि भिंतीला केसासारख्या भेगा जातात. त्या भेगेवरून पीओपीची पट्टी ओढली की तीही तडकते, म्हणून आधी भेग उघडून जाळी मारून भरायची. सांधे व्हाइट सिमेंटने भरू नका, ते कडक होऊन फुटतं. ॲक्रिलिक सीलंट थोडं ताणलं जातं आणि त्यावर रंगही बसतो. पुट्टी पूर्ण वाळून प्रायमर बसल्याशिवाय पट्टी चिकटवू नका, नाहीतर ती पुट्टीच्या पापुद्र्यासकट खाली येते. नुसत्या गोंदावरही सोडू नका, दर दीड फुटाला एक बारीक बिनडोक्याचा खिळा मारून घ्या.